एनमॅप टाकताय? आधी परवानगी काढा!

मे २००३. 'द मॅट्रिक्स रीलोडेड' थिएटरात लागला आणि जगभरच्या नेटवर्कवाल्यांनी एका दृश्याला बसल्या जागी टाळ्या पिटल्या. ट्रिनिटी वीजकेंद्राच्या संगणकात शिरायला बसते, काळ्या पडद्यावर अक्षरं उमटतात आणि ती जे टाइप करते ते चक्क खरं असतं! तोवर सिनेमातलं हॅकिंग म्हणजे गरागरा फिरणारी चित्रं आणि लाल अक्षरांत 'ॲक्सेस डिनाइड' असा शिरस्ता होता. इथे मात्र ट्रिनिटीने एनमॅप हा नेटवर्क तपासणारा प्रोग्राम चालवला, तोही २.५४ बीटा २५ ही खरीखुरी आवृत्ती. समोरच्या यंत्राचं २२ नंबरचं पोर्ट उघडं सापडलं आणि मग तिने एसएसएच या दुरून लॉग-इन करायच्या सेवेतल्या २००१ साली उघडकीला आलेल्या खऱ्या दोषाचा फायदा घेतला. ब्रिटनमध्ये स्कॉटलंड यार्डचं संगणक-गुन्हे पथक आणि ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी यांनी तर जोडीने पत्रक काढलं, की सिनेमात बघितलं म्हणून कुणी हे करून बघायच्या मोहात पडू नये.

ट्रिनिटीचं हे हत्यार आज कुणालाही फुकट मिळतं. विंडोजवर चालतं, मॅकवर चालतं, लिनक्सवर तर ते जन्मलंच, आणि खिशातल्या अँड्रॉइड फोनवरसुद्धा टाकता येतं. पण ते टाकताना प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपापल्या पद्धतीने एकच गोष्ट विचारते: तुला परवानगी आहे का? कुणी पासवर्ड मागतं, कुणी चौकटीत टिक करायला लावतं, कुणी काहीच न बोलता गुपचूप कमी ताकदीचं स्कॅन करून देतं. 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत सुटणाऱ्यांची ही सगळी गंमत हुकते. म्हणून हा फेरफटका.

आधी कामाचं बोलू

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला टीसीपीचे १ ते ६५,५३५ असे क्रमांक घातलेले दरवाजे असतात. त्यांनाच पोर्ट म्हणायचं. वेबसाइट ८० आणि ४४३ वर, मेल २५ वर, एसएसएच २२ वर. एनमॅप एकेक दार ठोठावतो, आतून काय उत्तर येतं ते ऐकतो आणि यादी हातात ठेवतो: हे उघडं, हे बंद, इथे मधल्या फायरवॉलने हाकच पोचू दिली नाही. वेगळं सांगितलं नाही तर तो सगळी दारं ठोठावत बसत नाही. सर्वाधिक वापरातली १,००० तेवढी बघतो. कुठली दारं जास्त उघडी सापडतात हे ठरवायला एनमॅपच्या निर्मात्याने इंटरनेटवरच मोठी पाहणी केली होती. त्या यादीत पहिलं आलं ८०, दुसरं २३ आणि तिसरं ४४३. दुसऱ्या क्रमांकावरचं २३ लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याशी गाठ आहे.

आवृत्ती क्रमांक नव्हताच!

१ सप्टेंबर १९९७ रोजी 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकाच्या ५१व्या अंकात पोर्ट स्कॅनिंगच्या कलेवर एक लेख आला. लेखक गॉर्डन ल्यॉन, टोपणनाव फ्योदोर; हे नाव त्याने दोस्तोयेव्हस्कीवरून उचललेलं. लेखाला जोडून प्रोग्रामचा सोर्स कोडच छापला होता, सुमारे २,००० ओळी. इन्स्टॉलर वगैरे भानगड नाही. अंकातून कोड उचलायचा, आपल्या लिनक्सवर कंपाइल करायचा, झालं इन्स्टॉलेशन! दुसरी आवृत्ती काढायचा बेत नसल्यामुळे त्याला आवृत्ती क्रमांकही दिलेला नव्हता. लोकांनी मात्र सुधारणांचा असा मारा केला की फ्योदोरला थांबता येईना. २००२च्या जुलैमध्ये त्याने नेटस्केपमधली नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ एनमॅपलाच दिला.

याच लेकराचा वाढदिवस प्रोग्रामच्या आत लपवलेला आहे. कुठल्याही वर्षी १ सप्टेंबरला एनमॅप 'व्हर्बोस' म्हणजे तपशीलवार पद्धतीने चालवा; तो स्वतःलाच शुभेच्छा देतो आणि वयात शंभर मिळवून तितकं आयुष्य मागतो. विसाव्या वाढदिवसाला त्याने १२० वर्षांचं आयुष्य मागितलं होतं. २५ डिसेंबरला तो नाताळच्या शुभेच्छा देतो आणि 'ख्रिसमस ट्री स्कॅन' करून बघा असं सुचवतो. हे खरंच एक स्कॅन आहे. टीसीपी पॅकेटमधले फिन, पुश आणि अर्जंट हे तीन झेंडे एकदम उभे केले की पॅकेट नाताळच्या झाडासारखं लखलखतं, म्हणून ते नाव.

या स्कॅनमागचा तर्क फार देखणा आहे. १९८१च्या टीसीपीच्या नियमपुस्तिकेप्रमाणे असलं विचित्र पॅकेट बंद पोर्टवर आलं तर नकाराचं उत्तर द्यायचं आणि उघड्यावर आलं तर गप्प बसायचं. जिथून उत्तर आलं नाही ते दार उघडं असण्याचा संभव. पण विंडोज हा नियम पाळत नाही. पोर्ट उघडं असो की बंद, ते नकारच पाठवतं. त्यामुळे विंडोजचं यंत्र या स्कॅनला सगळीकडे कुलूप लावल्यासारखं दिसतं. नियम न पाळल्याचा असाही फायदा.

सैतानाचा झाला सांता

एनमॅपच्या दोन वर्षं आधी, एप्रिल १९९५ मध्ये, डॅन फार्मर आणि वीत्सा व्हेनेमा यांनी नेटवर्कमधल्या फटी शोधणारं एक साधन खुलं केलं. त्याचं लघुरूप होतं 'सेटन'. सैतान! नावावरून आणि कामावरून गदारोळ उठला. पण पॅकेजमध्ये 'रिपेंट' नावाची एक छोटी फाइलही होती. ती चालवली की साधनाचं नाव सगळीकडे बदलून 'सांता' होई. नाव खटकणाऱ्या साहेबांच्या मशीनवर टाकायची सोय निर्मात्यांनीच करून ठेवली होती. शिवाय त्या काळात हे साधन वेब ब्राउझरमधून चालायचं. ज्या वर्षी बहुतेकांनी ब्राउझर पाहिलाही नव्हता, त्या वर्षी.

लिनक्स: एक ओळ, दोन स्कॅन

उबंटू किंवा डेबियनवर टर्मिनल उघडायचं आणि 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनमॅप' एवढं लिहायचं. फेडोरावर ॲप्टच्या जागी डीएनएफ, आर्चवर पॅकमॅन, ओपनसूझेवर झिपर. चहा गाळेपर्यंत काम होतं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत मिळणारा एनमॅप थोडा जुना असतो, कारण तिथे आधी सगळं गोठवून, तपासून मगच देतात. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या खेळण्यांची नावं असतात: बुकवर्म, ट्रिक्सी. एनमॅपची अधिकृत साइट लिनक्ससाठी फक्त आरपीएम पद्धतीची पॅकेजं ठेवते. डेबियनवाल्याला ताजी आवृत्ती तिथूनच हवी असेल तर ते पॅकेज 'एलियन' नावाच्या प्रोग्राममधून बदलून घ्यायचं. परग्रहवासीच म्हणा, एका ग्रहावरचं सामान दुसऱ्या ग्रहावर नेऊन देतो.

खरी मजा टाकून झाल्यावर सुरू होते. घरच्या राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. टर्मिनलमध्ये 'एनमॅप' लिहून पुढे तो पत्ता द्या आणि एंटर मारा. काही क्षणांत 'होस्ट इज अप' अशी ओळ येते, कंसात उत्तर यायला लागलेला वेळ, एका सेकंदाचा छोटासा अंश. खाली बंद पोर्टांची एका ओळीत बोळवण. त्याखाली तीन रकाने: पोर्ट, अवस्था, सेवा. घरगुती राउटरवर साधारण ५३ वर 'डोमेन', ८० वर 'एचटीटीपी', ४४३ वर 'एचटीटीपीएस' उघडं दिसतं.

आता तीच आज्ञा पुढे 'सुडो' लावून चालवा. यादी जवळपास तीच येईल, पण खाली एक नवी ओळ उगवेल: राउटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, आणि कंसात ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव! एकाच आज्ञेची दोन उत्तरं कशी? कारण आतलं कामच बदललेलं असतं. सुडोविना एनमॅप सामान्य नागरिकासारखा वागतो: ऑपरेटिंग सिस्टिमला विनंती करतो, ती पलीकडच्या यंत्राशी पूर्ण जोडणी करून देते, मग लगेच फोन ठेवतो. याला कनेक्ट स्कॅन म्हणतात, आणि पलीकडच्या प्रोग्रामच्या लॉगमध्ये अशा जोडणीची नोंद पडू शकते. सुडोने रूटचे, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याचे, अधिकार मिळाले की एनमॅप स्वतःच्या हाताने कच्ची पॅकेटं घडवतो. 'सिन' हे जोडणी मागणारं पॅकेट पाठवतो, पलीकडून होकार आला की जोडणी पुरी न करताच माघार घेतो. हा सिन स्कॅन जलद असतो आणि गाजावाजा कमी करतो. कच्चं पॅकेट घडवणं म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्तासुद्धा खोटा लिहिता येणं. म्हणून युनिक्सने हा अधिकार पहिल्यापासून रूटपाशी राखून ठेवला.

सुडो हा प्रोग्राम स्वतः एनमॅपपेक्षा बराच थोरला. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो लिहिला. पासवर्ड टाइप करताना बऱ्याचदा पडद्यावर टिंबंसुद्धा उमटत नाहीत, हे पाहून नवखे घाबरतात. कीबोर्ड बिघडलेला नसतो. पासवर्ड किती अक्षरांचा आहे हेही मागे उभ्या माणसाला कळू नये म्हणून ती व्यवस्था.

उबंटूवर 'स्नॅप' पद्धतीने एनमॅप टाकला तर आणखी एक पहारेकरी भेटतो. स्नॅपमधले प्रोग्राम कुंपणात राहतात. रूट असूनही एनमॅपला नेटवर्कची सूत्रं हाताळता येत नाहीत. 'नेटवर्क-कंट्रोल' ही जोडणी वेगळ्या आज्ञेने द्यावी लागते, तेव्हा कुठे कच्ची पॅकेटं बाहेर पडतात. माझ्या मते हाच योग्य रस्ता आहे. रूटला सगळं मोकळं रान, हा जमाना आता सरला पाहिजे.

काली: तयार ताट

सुरक्षा तपासणीची अवजारं एकेक करून टाकायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी काली लिनक्स. मार्च २०१३ मध्ये आलेली ही डेबियनवर बेतलेली प्रणाली 'बॅकट्रॅक'ची वारसदार. एनमॅप, पॅकेटं पकडून दाखवणारा वायरशार्क, हल्ले करून बघायचं मेटास्प्लॉइट, सगळं आधीच टाकलेलं. कित्येक वर्षं कालीत शिरायचं नाव होतं 'रूट' आणि पासवर्ड 'टूर', म्हणजे रूट उलटं वाचलेलं. ही जोडी इतकी जगजाहीर होती की बदलायचं विसरलेली काली हुडकणं हाच एक उद्योग झाला असता. २०२० च्या पहिल्या आवृत्तीपासून कालीने रूटची सवय मोडली. आता साधा वापरकर्ता मिळतो आणि गरजेपुरता सुडो लावायचा.

नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींना एक सांगणं: काली रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर थेट टाकू नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये टाका. मोडलं तर फेकून पुन्हा उभं करता येतं, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तुमचा प्रोजेक्ट शाबूत राहतो.

मॅक: दारावरचा गेटकीपर

मॅकवर दोन वाटा. अधिकृत डीएमजी फाइल उतरवून घेतली तर ॲपलचा गेटकीपर अडवू शकतो: निर्माता ओळखीचा नाही, उघडू देणार नाही. पूर्वी राइट-क्लिक करून 'ओपन' म्हटलं की सुटका व्हायची. २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून ॲपलने ती पळवाट बंद केली. आता सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन 'ओपन एनीवे' दाबावं लागतं.

दुसरी वाट होमब्रूची: 'ब्रू इन्स्टॉल एनमॅप'. २००९ मध्ये मॅक्स हॉवेलने सुरू केलेल्या या प्रकल्पात सगळी परिभाषा बिअरच्या भट्टीची. पॅकेज म्हणजे 'बॉटल', साठवण्याची जागा 'सेलर'. टाकताना पडद्यावर 'पोअरिंग' अशी ओळ येते आणि काम झालं की शेवटी बिअरच्या मगचं चित्र. होमब्रू स्वतः सुडोने चालवायला नकार देतो. टाकताना रूट नको, चालवताना सिन स्कॅन हवा असेल तर रूट हवाच. दोन्ही कामांचे अधिकार स्वच्छ वेगळे ठेवलेले.

विंडोज: खिडकी होती, बंद केली

सगळ्यात रंजक इतिहास विंडोजचा, म्हणून इथे जरा थांबू.

डिसेंबर २००० मध्ये एनमॅप पहिल्यांदा अधिकृतपणे विंडोजवर चालला. पुढल्या वर्षी एक्सपी येणार होतं आणि त्यात कच्ची पॅकेटं पाठवायची पूर्ण सोय असणार होती. स्टीव्ह गिब्सन या सुरक्षातज्ज्ञाने त्याविरुद्ध रान उठवलं: घराघरातल्या संगणकांना ही ताकद दिली तर व्हायरस तिचाच वापर करून खोट्या पत्त्यांची पॅकेटं सोडतील. बरेच जाणकार त्याला अतिरंजित म्हणाले. पण ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि मायक्रोसॉफ्टने कच्च्या टीसीपी पॅकेटांची खिडकी बंद करून टाकली.

रात्रीतून एनमॅपचे हात बांधले गेले. मग एनमॅपवाल्यांनी एक पायरी खाली उतरायचं ठरवलं. टीसीपीच्या पातळीवर बंदी आहे ना? मग आपण आख्खी इथरनेट फ्रेमच घडवू, पत्त्यांसकट, आणि ड्रायव्हरमार्फत थेट नेटवर्क कार्डाच्या हाती देऊ. विंडोजच्या टीसीपी यंत्रणेला मध्ये विचारायचंच नाही. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर होता विनपीकॅप, इटलीतल्या तुरीनच्या पॉलिटेक्निकमधून आलेला. पुढे त्याचा विकास थंडावला. २०१३ मध्ये गुगलच्या 'समर ऑफ कोड' उपक्रमात यांग लुओ या चिनी विद्यार्थ्याने त्याच्या पुढचं काम हाती घेतलं आणि त्यातून एनपीकॅप उभा राहिला. विंडोजवर एनमॅपचा इन्स्टॉलर चालवताना मध्येच जी दुसरी खिडकी उघडते ती याची. बरेच जण ती जाहिरात समजून रद्द करतात आणि मग स्कॅन का चालत नाही म्हणून डोकं धरून बसतात. ती रद्द करू नका. विंडोजवर एनमॅपचा जीव त्या ड्रायव्हरमध्ये आहे.

त्या खिडकीत एक चौकट आहे: एनपीकॅपचा वापर फक्त ॲडमिनिस्ट्रेटरपुरता ठेवायचा का? घरात एकच संगणक आणि वापरणारी माणसं चार असतील, किंवा कॉलेजच्या लॅबमधलं सामायिक यंत्र असेल, तर बिनदिक्कत टिक करा. नाहीतर त्या यंत्रावर बसणारा कुणीही नेटवर्कवरची पॅकेटं वाचू शकतो. डेबियनवर वायरशार्क टाकताना हाच प्रश्न येतो: साध्या वापरकर्त्यांना पॅकेटं पकडू द्यायची का? तिथे आधीच निवडून ठेवलेलं उत्तर 'नाही' असं असतं.

एनपीकॅपने विंडोजवरची आणखी एक जुनी अडचण सोडवली. पूर्वी विंडोजवर बसून त्याच यंत्राचं, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्याचं स्कॅन नीट करता येत नसे. विनपीकॅपला आतल्या आत फिरणारी पॅकेटं दिसतच नव्हती. जगभरचे संगणक तपासणाऱ्या साधनाला स्वतःच्या घरात डोकावता येत नव्हतं. आता येतं.

ऑफिसात पन्नास यंत्रांवर एका फटक्यात, कुणाला काही न विचारता एनमॅप टाकायचा असेल तर? फुकटच्या एनपीकॅपमध्ये मूक इन्स्टॉलेशन नाही. ती सोय विकतच्या आवृत्तीत. या साधनाचा खर्च असाच निघतो. फुकट आवृत्ती तशी पाच यंत्रांपुरती. पण एनमॅप आणि वायरशार्कसाठीच वापरणार असाल तर ती मर्यादा लागू नाही.

विंडोजमध्येच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएलची सोय वापरून तिथे एनमॅप टाकणारेही पुष्कळ. डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती साधारणपणे स्वतःच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमागे बसते, त्यामुळे घरातल्या उपकरणांचे मॅक ॲड्रेस तिथून दिसत नाहीत. घरचं वायफाय तपासायला विंडोजचीच आवृत्ती बरी.

डाउनलोड कुठून करता?

डिसेंबर २०११ मध्ये फ्योदोरच्या लक्षात आलं की 'डाउनलोड डॉट कॉम' या त्या काळच्या बड्या साइटवरून एनमॅप उतरवणाऱ्यांना भलताच इन्स्टॉलर मिळतोय. त्याच्यात एनमॅप होता, पण वर एक टूलबार चिकटवलेला. घाईघाईत 'नेक्स्ट' दाबलं की ब्राउझरचं होमपेज आणि सर्च इंजिन बदलून जाई. सुरक्षेचं साधन घ्यायला आलेल्या माणसाच्याच संगणकात नको ते घुसत होतं! फ्योदोरने जाहीर आवाज उठवला, तंत्रविश्वात बोंब झाली आणि साइटला माफी मागावी लागली.

म्हणून कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर नियम एकच: एनमॅप एक तर स्वतःच्या अधिकृत साइटवरून किंवा आपल्या सिस्टिमच्या अधिकृत भांडारातून. साइटवर प्रत्येक फाइलसोबत हॅश आणि डिजिटल सही ठेवलेली असते. उतरवलेल्या फाइलचा हॅश काढून ताडून बघायला मिनिटही लागत नाही, आणि ही सवय पुढे आयुष्यभर कामाला येते. टेलिग्रामच्या चॅनलवर 'फुल व्हर्जन क्रॅक' म्हणून मिळणाऱ्या एनमॅपला तर हातही लावू नका. मुळात जे फुकट आहे त्याला क्रॅक कशाला लागेल?

मेटास्प्लॉइटची गोष्ट उलटी. एच. डी. मूरने २००३ मध्ये सुरू केलेलं हे साधन अस्सल जागेवरून आणलं तरी विंडोजचा अँटिव्हायरस त्यावर तुटून पडतो, कारण त्यात खरोखरच हल्ल्यांचा कोड असतो. अँटिव्हायरस चुकत नाही. निर्मातेही सांगतात की ते टाकायचं फोल्डर तपासणीतून वगळा. हेही व्हर्च्युअल मशीन वापरायचं एक कारण.

फोनवर? होय!

अँड्रॉइडवर टर्मक्स हे ॲप टाकायचं आणि त्यात 'पीकेजी इन्स्टॉल एनमॅप'. फोन रूट केलेला नसला तर फक्त कनेक्ट स्कॅन मिळतो. पण हॉटेलच्या खोलीतल्या वायफायवर आपला लॅपटॉप काय काय उघडं टाकून बसलाय ते बघायला तेवढं पुरतं.

प्रिंटरला जपतो तो

एनमॅपमध्ये मला सगळ्यात आवडणारी गोष्ट एका छोट्या ओळीत आहे. उघड्या दाराआड नेमकी कुठली सेवा आहे हे शोधायला सांगितलं की तो नाना प्रकारचे संदेश पाठवतो. पण ९१०० ते ९१०७ ही पोर्टं तो आपणहून वगळतो. का? कारण तिथे बहुधा प्रिंटर असतो, आणि काही प्रिंटर समोरून येईल ते मुकाट छापतात. ऑफिसात स्कॅन सुरू केलं आणि पलीकडे कागदांवर अगम्य अक्षरांचा ढीग पडला, असं होऊ नये म्हणून ही खबरदारी. ज्या माणसाने ही ओळ लिहिली त्याने समोरच्याचा विचार केला होता.

वेगाचंही तसंच. एनमॅपला सहा वेग आहेत आणि त्यांची नावं स्वभावांची: पॅरानॉइड, स्नीकी, पोलाइट, नॉर्मल, ॲग्रेसिव्ह, इन्सेन. पॅरानॉइडमध्ये तो दोन ठोठावण्यांच्या मध्ये पाच मिनिटं थांबतो. 'पोलाइट' समोरच्या जुन्यापुराण्या यंत्रावर ताण पडू नये म्हणून ०.४ सेकंद दम घेतो.

आणि खरी परवानगी

रूटचा पासवर्ड, गेटकीपरची संमती, एनपीकॅपची चौकट ही झाली आपल्या यंत्राची परवानगी. ज्या यंत्राचं स्कॅन करायचं त्याच्या मालकाची परवानगी मात्र कुठलाही इन्स्टॉलर विचारत नाही, आणि तीच सगळ्यांत मोठी. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरण्याविषयी आहे. त्यातली कृत्यं अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केली तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॉलेजचं वायफाय, सोसायटीच्या सीसीटीव्हीचं नेटवर्क, बँकेची साइट, शेजाऱ्याचा राउटर यातलं काहीच 'सरावासाठी' नाही. कंपनीत काम करत असाल तर तोंडी 'हो' वर भागवू नका; कुठली यंत्रं, कुठल्या तारखा, कुणाची सही, हे कागदावर घ्या.

सरावाला जागा आहेत. एनमॅपवाल्यांनीच 'स्कॅनमी' नावाचा सर्व्हर सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय. दिवसातून थोडी स्कॅन चालतील, शंभर वेळा झोडपू नका, एवढीच त्यांची विनंती. हौस वाढली तर २०१० पासून गोव्यात भरणारी 'नलकॉन' परिषद आपल्या दाराशी आहे. हेच काम रीतसर करणारी माणसं तिथे भेटतात.

पण सुरुवात घरापासून करा. स्वतःच्या राउटरचं स्कॅन करा आणि यादीत २३ दिसतं का ते बघा. २३ म्हणजे टेलनेट, जिथे पासवर्डसुद्धा उघड्या अक्षरांत तारेवरून जातो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते याच दारातून, कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून बघत. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या फौजेने साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या 'डाइन' कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अमेरिकेत कित्येक तास अडखळल्या.

तर आज रात्री एवढं कराच. २३ उघडं सापडलं तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन टेलनेट बंद करा, राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, आणि पुन्हा एकदा एनमॅप चालवून ते दार खरंच बंद झालं की नाही ते पाहा.